रिसॉर्टचं गोल्फ मैदान मी कशावरून जोखतो

गेल्या महिन्यात मी, माझी चौदा वर्षांची लेक आणि चंदगडचे माझे साडू, तिघं मिळून बेंगळुरूच्या बाहेरच्या एका रिसॉर्टवर गोल्फ खेळून आलो. रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस, किटच्या पिशव्या बर्थखाली आडव्या, सकाळी स्टेशनवरून टॅक्सी. परत आल्यापासून बेळगावच्या उद्यमबागेत चहाला भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतोय, "मैदान कसं आहे?" दोन शब्दांत सांगता येईना, म्हणून इथं लिहितोय. रिसॉर्टचं नाव लिहिणार नाही. त्याचं एक कारण पुढं येईलच.

बेळगावात वाढलेल्या माझ्यासारख्याला गोल्फ म्हणजे छावणीतलं ते मोठं हिरवं मैदान. शाळेत असताना हिंडलगा रोडनं सायकलवरून जाताना ते दिसायचं. पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं चालताहेत, मागून एक पोरगा पिशवी घेऊन येतोय, एवढंच. बाबांना विचारलं की म्हणायचे, "ते आपलं नव्हे." शहरातल्या बहुतेकांना ते मैदान खऱ्या अर्थानं कळलं ऑगस्ट २०२२ मध्ये, बिबट्या आला तेव्हा. जाधवनगरात दिसला, मग गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आसपासच्या २२ शाळा बंद झाल्या, शिवमोग्याच्या सक्रेबैल छावणीतून दोन हत्ती आणले, ड्रोन फिरले आणि बिबट्या काही सापडला नाही. महिनाभर घराघरांत 'गोल्फ मैदान' हा शब्द होता. खेळाबद्दल मात्र कुणी एक अक्षर बोललं नाही, कारण आपल्यापैकी कुणी तो खेळलेलाच नव्हता.

माझ्या हातात पहिल्यांदा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आला तो एकेचाळिसाव्या वर्षी, बेंगळुरूच्या एका गिऱ्हाइकामुळं. त्यानं ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे लांब फटक्यांच्या सरावाच्या जागेवर नेलं. शंभरातले पाच चेंडू नीट लागले असतील, पण त्या पाचांचा आवाज अजून कानात आहे. लेथवर टूल अचूक बसलं की जसा कट पडतो आणि हाताला काहीच जाणवत नाही, तसं. तेव्हापासून वर्षातून दोनदा-तीनदा पैसे साठवून कुठंतरी जाऊन खेळतो. क्लबचं सभासदत्व आपल्या आवाक्यातलं नाही. म्हणून माझा सगळा गोल्फ अशा रिसॉर्टवरच झाला, जिथं सभासद नसलेल्या माणसालाही फी भरून खेळता येतं.

ही सोय लहान समजू नका. जगातलं सगळ्यात मानाचं मैदान, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान, सार्वजनिक आहे. रविवारी तिथं खेळ बंद असतो आणि गावातले लोक त्याच गवतावरून पोरंबाळं, कुत्री घेऊन फिरतात. अमेरिकेतलं पेबल बीच १९१९ साली सुरू झालं, तेही रिसॉर्टचंच. महाग आहे, पण दार कुणालाही बंद नाही. आपल्याकडं मात्र कोलकात्याच्या १८२९ च्या क्लबापासून हा खेळ साहेबांच्या क्लबांतून वाढला आणि भिंती तशाच राहिल्या. त्या भिंतीत रिसॉर्टनं एक दार पाडलं, हे मी मनापासून मानतो. म्हणूनच त्या दारातून आत गेल्यावर माणसाला कसं वागवतात, याबद्दल मी इतका हट्टी आहे.

आधी गवत. फेअरवे, म्हणजे मधला कापलेला हिरवा पट्टा, सुरेख होता. टॅक्सीवाला म्हणाला, "बाहेरून आणलेलं गवत आहे सर." मी वाकून बघितलं. हरळी! इंग्रजीत बर्म्युडा म्हणतात, पण वाण तोच. गणपतीला दूर्वा वाहतो ती हीच. माझ्या आजोबांचं अर्धं आयुष्य शेतातली हरळी उपटण्यात गेलं, एक गाठ राहिली की महिन्याभरात पुन्हा वाफा भरायचा. ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, असते ती तिची संकरित बारीक जात, आफ्रिकेतल्या भाईबंदाशी जुळवलेली. रोज तीन-चार मिलिमीटरवर कापली तरी जगते. शेतकऱ्याच्या घरातला माणूस हे गवत वेगळ्या नजरेनं बघतो. पायाखाली ते दाट लागलं आणि मला आजोबा आठवले. त्या माळ्यांना माझे पूर्ण गुण.

ग्रीनबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझा धंदाच मोजमापाचा आहे. ग्रीन किती पळतं हे मोजायला एक साधी पन्हळ असते, तीन फूट लांब, तिला स्टिंपमीटर म्हणतात. एडवर्ड स्टिंपसन नावाच्या अमेरिकन खेळाडूनं १९३५ साली ती काढली. पन्हळीच्या खाचेत चेंडू ठेवायचा, हळूहळू एक टोक उचलायचं, ठरावीक कोनाला चेंडू आपोआप सुटतो, आणि सपाट जागी जितके फूट जाईल तितका त्या ग्रीनचा वेग. इतकं सोपं आणि इतकं प्रामाणिक यंत्र मी फार कमी पाहिलंय. येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ठेवलेल्या मैदानावर आठ-नऊ फूट भरपूर झाले. इथं फलकावर अभिमानानं साडेदहा लिहिलं होतं. त्यात शनिवार, रिसॉर्ट भरलेलं, आणि पाचव्या ग्रीनवर होल नेमकं उताराच्या पाठीवर कापलेलं. होलाचा व्यास १०८ मिलिमीटर. साडूंचा चेंडू त्याच्या कडेला लागून खाली वीस फूट गेला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मागं दोन गट ताटकळत उभे. होल रोज नव्या जागी कापतात ते गवताची एकाच ठिकाणी झीज होऊ नये म्हणून. मग गर्दीच्या दिवशी ते सपाट जागी कापायला काय हरकत आहे? वेगवान ग्रीन हे मैदानाच्या श्रीमंतीचं लक्षण समजतात, इथंच पहिली चूक होते.

दुसरी चूक सातव्या होलवर दिसली, आणि ती जास्त गंभीर आहे. (टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, ग्रीनपर्यंतच्या एका टप्प्यालाही होलच म्हणतात.) टी आणि ग्रीनच्या मधे तळं. पुरुषांच्या टीवरून तळं ओलांडायला १५० यार्ड हवेत. बायकांसाठी, मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी जी लाल टी असते ती दहा पावलं पुढं. म्हणजे तिथूनही १४० यार्ड हवेतूनच जायला पाहिजे. माझी लेक मनापासून मारते तेव्हा शंभर-एकशेदहा जातो. डावीकडून वळसा घालायला जागा होती, चार एकर तरी, पण तिथं शोभेची झुडपं लावलेली. लेकीनं तीन चेंडू पाण्यात घातले. चौथा खिशात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मी इथं नुसती चालते."

ते वाक्य मला फार लागलं. हिंडलगा रोडवर सायकल थांबवून मी जे करत होतो, ते फी भरून आत आल्यावर तिच्या वाट्याला आलं.

पाण्याला माझा विरोध नाही. पाणी, वाळूचे बंकर, झाडं, यांतच खेळाची गंमत आहे. ज्याला येतं त्यानं तळ्यावरून मारावं, त्याला एक फटका वाचू दे. ज्याला येत नाही त्याला बाजूनं वाट असू दे, त्याला एक फटका जास्त लागू दे. दोघंही ग्रीनवर पोचले पाहिजेत. स्कोअरकार्डावर 'स्लोप' म्हणून एक आकडा असतो, ५५ पासून १५५ पर्यंत, प्रमाण म्हणून धरलेला ११३. पट्टीच्या खेळाडूच्या मानानं साध्या खेळाडूला मैदान किती जड जाईल, हे तो सांगतो. इथला १३४ होता आणि माहितीपत्रकात तो ठळक अक्षरांत छापलेला. साध्या माणसाला आम्ही किती पिळतो याची जाहिरात एखाद्या क्लबानं केली तर समजू शकतो. सुट्टीला आलेल्या कुटुंबांच्या पैशावर चालणाऱ्या रिसॉर्टनं ती का करावी?

जेवण चांगलं होतं. खोल्या स्वच्छ. बग्ग्यांच्या बॅटऱ्या दमलेल्या होत्या.

आता कॅडी, म्हणजे पिशवी उचलणारा आणि खेळताना वाट सांगणारा. आमच्याबरोबर जो मुलगा दिला होता तो पहिले तीन होल कन्नड आणि मोडक्या इंग्रजीत बोलत होता. चौथ्या होलवर लेकीनं मला विचारलं, "लांब पडला काय?" आणि तोच पटकन बोलून गेला, "नाही ताई, पुढंच आहे की बॉल." तो 'की' ऐकला आणि मी थांबलो. "कुठला रे तू?" "खानापूर तालुका, काका." गावाचं नाव इथं लिहीत नाही. त्यापुढं सगळा खेळ बदलला. ग्रीनवर वाकून तो सांगायचा, "दिसतंय डावीकडं, पण जातंय उजवीकडं. दोन बोटं सोडून मारा." आणि तसंच व्हायचं. नऊ वर्षं तो त्या मैदानावर आहे. अठराही ग्रीन त्याला, माझ्या आईला चुलीचा जाळ कळायचा, तसे कळतात. लेक सातव्या होलवर पडलेल्या चेहऱ्यानं चालत होती, तर आठव्यावर त्यानं तिची पकड बदलली, डावा अंगठा जरा आत घेतला, आणि तिचा दिवसातला पहिला सरळ फटका गेला.

हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कसबाचा आकडा, जितका कमी तितका चांगला. मी सहज विचारलं, "तुझा हँडिकॅप किती?"

"आम्हाला खेळायला देत नाहीत, काका. रात्री पोरं खोलीसमोर मातीत डबा पुरून पटिंग खेळतो."

रिसॉर्टचं नाव न लिहिण्याचं कारण हे. त्या पोराची नोकरी टिकायला हवी आहे.

अनेक मैदानांवर आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कॅडींना खेळायला मोकळा असतो. ही मेहेरबानी नाही, या देशातला गोल्फ त्यावर उभा आहे. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर, १९९१ साली, तो दिल्लीच्या मैदानावरच्या कॅडींमधून आला. २००९ साली ती स्पर्धा जिंकणारा सी. मुनियप्पा बेंगळुरूत कॅडी होता. व्यावसायिक गोल्फपटू चिक्करंगप्पा बिडदीजवळच्या रिसॉर्टच्या शेजारच्या खेड्यातला, लहानपणी तिथं चेंडू शोधून द्यायचा. त्या रिसॉर्टनं त्याच्या हातात क्लब दिला म्हणून आज आपण त्याचं नाव घेतो. (मी गेलो ते रिसॉर्ट वेगळं.) टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्यानं हुकलं, त्या सकाळी आमच्या कारखान्यात मोबाइलभोवती सहा जण उभे होते. त्यातल्या पाचांनी त्याआधी कधी गोल्फ पाहिला नव्हता. एवढी आस लोकांना आहे, फक्त पाय ठेवायला जागा पाहिजे.

माझं मत म्हणून विचाराल तर गवताला दहातले नऊ, ग्रीनला सहा, आणि आखणीला चार. एकूण मैदान म्हणून मी ते नापास करतो. ऑनलाइन त्याला साडेचार तारे आहेत, आणि ते तारे वाचले की स्विमिंग पूल आणि सूर्यास्ताचे आहेत हे कळतं. सार्वजनिक मैदानाला तारे देणाऱ्यानं आपल्यातल्या सगळ्यात कच्च्या खेळाडूला पुढं घालून अठरा होल चालावं, मग द्यावेत.

हे सगळं बेळगावात बसून लिहायचं कारण आहे. चोर्ला रोडला, खानापूरकडं रिसॉर्ट निघताहेत, आणि त्यातल्या एक-दोन मालकांनी माझ्याकडं "गोल्फ टाकावं काय?" असं विचारलंय. त्यांना मी तोंडी सांगितलं ते इथंही सांगतो. अठरा होलच्या मागं लागू नका. त्याला दीडशे एकर जागा लागते आणि उन्हाळ्यात दिवसाला कित्येक लाख लिटर पाणी. शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली गेली की आमच्या गल्लीत नळ किती दिवसांनी येतो ते आठवा, आणि मग हिरवळीचं चित्र बघा. नऊ छोटे होल करा, सगळे पार तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत संपायचे. वीस-पंचवीस एकरांत बसतात. रिसॉर्टचंच सांडपाणी शुद्ध करून वापरा. ग्रीनचं गवत परवडत नसेल तर आपल्याकडच्या जुन्या मैदानांवर असायचे तसे 'ब्राऊन' करा. तेल टाकलेली वाळू घोटून सपाट केलेली असते, पाणी जवळजवळ लागत नाही, आणि चेंडू छान सरळ जातो. हरळी तर आपल्या लाल मातीत न लावता येते. पंचक्रोशीतल्या शाळांना एक सकाळ मोकळी ठेवा. कॅडी गावातले घ्या आणि त्यांना खेळू द्या.

रिसॉर्टच्या मॅनेजरना मी दोन पानी मेल लिहिली, लाल टी पुढं घ्या आणि कॅडींना सोमवार द्या म्हणून. "आपल्या सूचनांचा विचार करू" असं उत्तर आलं. ठीक आहे. नोव्हेंबरातल्या एका सोमवारचं बुकिंग मी केलंय, चार खेळाडूंचं, चौघांची फी भरून. माणशी फी म्हणजे माझ्या कारखान्यातल्या हेल्परचा आठवड्याचा पगार आहे, हेही इथं सांगितलं पाहिजे. तीन नावं आमची. चौथं नाव देण्याआधी त्या पोराला फोन करून विचारलं, कारण अडचण झाली तर त्याची होईल, माझी नाही. सुपरवायझरला विचारून सांगतो म्हणाला. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. सुट्टीच्या दिवशी पाहुणा म्हणून आलास तर हरकत नाही, असं सुपरवायझर बोलला होता. मग थोडा वेळ गप्प राहिला.

"काका, बूट लागतील काय?"

साडूंचा जुना जोड पुसून ठेवलाय. दोघांनाही आठ नंबरच होतो.