परदेशातून: पत्रिका छापा, पण कात्री चालेल अशी

लग्नाचा सीझन आला की आमच्या गिरगावच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षीचा वाद सुरू होतो, पत्रिका छापायची का पीडीएफ पाठवून मोकळं व्हायचं. पोरं म्हणतात कागद वाया जातो, काका म्हणतात अक्षता काय ब्लूटूथने पाठवणार का, मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय तिथेच राहतो. मी इकडे इंग्लंडात बसून वाचते आणि मला कळत नाही की लग्न झाल्यावर त्या पत्रिकेचं काय करायचं हे कोणीच का विचारत नाही.

इकडे नाताळचा पसारा ५-६ जानेवारीला आवरतात, ट्वेल्फ्थ नाईट म्हणतात त्याला. शेजारच्या आजीबाई तेव्हा आलेली सगळी कार्डं टेबलावर मांडून बसतात. आधी पाकिटं, मागचा पत्ता बदललाय का बघून डायरीत लिहायचा, मगच पाकीट टाकायचं. मग यादी, कोणाचं आलं कोणाचं नाही, अगदी आपल्या आहेराच्या वहीसारखी आणि तेवढीच निर्दयी, सलग दोन वर्षं कार्ड नाही आलं की नाव कट! हाताने चार ओळी लिहिलेली कार्डं खोक्यात जपून ठेवायची, नुसती सही असेल तर चित्राचं पान कापून घ्यायचं, त्याची मागची बाजू कोरी असली तर पोस्टकार्ड, नाहीतर झिगझॅग कात्रीने कापून पुढच्या वर्षीच्या गिफ्टला टॅग. ग्लिटर आणि फॉइलचा भाग फाडून कचऱ्यात, कारण तो कागदाच्या रिसायकलिंगला चालत नाही. गाणं वाजणारं कार्ड असेल तर बॅटरी काढायची.

आता लगेच 'बघा गोरे किती शिस्तीचे' असं नका म्हणू, दुकानात चमचमणारी कार्डं हेच लोक उचलतात. आणि काकांसाठी एक गंमत. १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोलने पहिलं छापील ख्रिसमस कार्ड विकायला काढलं ते कशाला, तर सगळ्यांना पत्रं लिहायला त्याला वेळ नव्हता म्हणून. छापील शुभेच्छा, नाव टाकायला कोरी जागा आणि किंमत एक शिलिंग. म्हणजे हा त्या काळचा फॉरवर्डच झाला की.

आपल्याकडे पुनर्वापर नव्हता असं थोडंच आहे, आमची आई पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी करायची, जाड पुठ्ठा असला तर फाईलला लावायची, पाकीट उलटं करून परत चिकटवायची. पण आता गिरगावात खाडिलकर रोडला, पत्रिकांच्या दुकानांत जाऊन बघा, वेलवेट काय, लेझर कट काय, वर लॅमिनेशन, चारी बाजूंनी सोनेरी फॉइल आणि मधोमध हा एवढा गणपती. त्यावर पेन चालत नाही, रद्दीवाला नाक मुरडतो आणि गणपती आहे म्हणून टाकायला मन होत नाही. मग गठ्ठा वर्षानुवर्षं कपाटावर, नाहीतर गुपचूप एखाद्या पिंपळाखाली, देवाच्या फुटक्या तसबिरींच्या शेजारी.

म्हणून माझं मत असं की पत्रिका छापा, पण ज्यांच्या घरी अक्षता घेऊन जाणार आहात तेवढ्याच, बाकीच्यांना पीडीएफ पुरे. साधा जाड कागद, मागची बाजू कोरी, लॅमिनेशन नको, फॉइल नको, खर्चही कमी होईल. आणि गणपती कोपऱ्यात छापा, म्हणजे तेवढा कापून जपून ठेवता येईल आणि बाकीचा कागद वापरायला मोकळा.

हे ग्रुपवर लिहिलं तर काका भडकले, गणपती कोपऱ्यात कसा, त्याचा मान पहिला. बरं मग, वरच्या डाव्या कोपऱ्यात बसवा, वाचायला सुरुवात तिथूनच होते ना, पहिला मानही त्याचाच राहील आणि कात्री पण नीट फिरेल.