शेवटचे चार फूट

रेडिओवर शॉर्टवेव्ह, म्हणजे दूरदेशीच्या केंद्रांच्या लघुलहरी, ऐकण्यात खरी अडचण अंतराची नसते, घरच्या माणसांची आणि त्यांच्या चार्जरांची असते. परदेशी केंद्राची लहर शेकडो किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरांवरून, परतते, जमिनीवरून पुन्हा उसळते आणि अशा उड्या मारत समुद्र ओलांडून माझ्या खिडकीपर्यंत सुखरूप येते. खिडकीपासून टेबलापर्यंतच्या शेवटच्या चार फुटांत मात्र एखादा क्षुल्लक चार्जर, सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करण्याच्या आपल्या गोंगाटाने, तिचा गळा दाबतो.

त्यामुळे रात्रीचे प्रसारण ऐकायचे म्हणजे आधी घरभर हिंडून बटणे बंद करणे आले. लहरी गिळणारा आयनांबराचा खालचा थर अंधार पडल्यावर विरतो आणि म्हणून 49 व 41 मीटरच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यांवर रात्रीच मजा असते, हे मी सर्वांना समजावले आहे. पण राउटरला हात लावताच आयनांबराविषयी कोणालाही काडीची आस्था उरत नाही. ‘बाबा, तेच मोबाइलवर स्वच्छ ऐकू येतं की!’ हा मुलीचा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि म्हणूनच मला तो आवडत नाही.

केंद्रांनीही तिचीच बाजू घेतली आहे. बीबीसीने 2001 मध्ये उत्तर अमेरिकेसाठीचे शॉर्टवेव्ह प्रसारण थांबवले. 2012 मध्ये रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल आणि रेडिओ नेदरलँड्स यांनी शॉर्टवेव्हला रामराम ठोकला. जी उरली आहेत, ती मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलतात, आणि नवे वेळापत्रक मिळते ते इंटरनेटवर.

तरीही मी काटा केसभर सरकवतो. शिट्टी येते. आणखी केसभर सरकवावा, तर दोन निवेदक एकमेकांच्या बोकांडी बसलेले सापडतात. त्यांतला एक कसाबसा वेगळा काढून, अँटेनाची तार हातात धरून मी अवघडून उभा राहतो. भाषा कळत नाही, पण तासाच्या ठोक्याला तो केंद्राचे नाव सांगेल, अशी आशा असते. ठोका पडतो, निवेदक घसा साफ करतो आणि नेमक्या त्याच क्षणी आवाज बुडतो. वर येतो तेव्हा बातम्या सुरू झालेल्या असतात.

एखाद्या रात्री नाव हाती लागतेच. मग सिनपो पद्धतीने ताकद, व्यत्यय, खरखर, लहरींची चढउतार आणि एकूण दर्जा यांना प्रत्येकी पाचपैकी गुण देऊन मी अहवाल तयार करतो, म्हणजे केंद्राकडून पोचपावतीचे क्यूएसएल कार्ड येते. हा अहवाल आता ई-मेलने मागवतात, तेव्हा राउटर पुन्हा सुरू करावा लागतो. दारात उभी राहून मुलगी विचारते, ‘बाबा, कार्ड टपालाने येणार, की डाउनलोड करून देऊ?’