तिसरी डाळमिल आणि ईआरपी: तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. लातुरात तुमच्या दोन डाळमिली चालू आहेत, तिसरी प्रायव्हेट लिमिटेड म्हणून उभी राहतेय. टॅली आणि एक्सेलवर आता भागत नाही. अशा वेळी ‘सॉफ्टवेअर बघण्याआधी महिनाभर कामाची मांडणी कागदावर करा’ हा माझा सल्ला तुम्हाला वेळकाढूपणा वाटला. चांगलं ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतलं की शिस्त आपोआप लागते, आणि असल्या सल्ल्यांनीच मराठवाडा मागे राहतो, असं तुम्ही लिहिलंत.

महिना ही मुदत चुकली, मान्य. तुरीची आवक चालू असताना महिना कुणाला मिळणार? आठ दिवस पुरेत. एक्सेलबद्दलही तुमचंच खरं. कंपनी म्हणून नोंदणी झाली की हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहायलाच हवी, आणि ती बंद करता येता कामा नये. १ एप्रिल २०२३ पासून तसा नियम आहे.

पण शिस्त आपोआप लागते, हे पटत नाही. उलटं घडताना मी पाहिलंय. एका डाळमिलीचे हिशोब मी बघायचो. मालकांनी महागडी सिस्टीम घेतली. डेमोत एक माल आत गेला, एक बाहेर आला, सगळ्यांना आवडलं. आपल्याकडे तसं कुठे असतं? क्विंटलभर तुरीतून डाळ निघते ७० किलोच्या आसपास. बाकी चुनी (डाळीचा चुरा), भुसा, काडीकचरा आणि घट. चुनी-भुशाचेही पैसे येतात. एका मालातून चार माल निघतात हेच त्या सिस्टीममध्ये बसवलेलं नव्हतं. ऑपरेटर रोज संध्याकाळी फरक ‘घट’ म्हणून टाकून द्यायचा. चार महिन्यांत स्क्रीनवरचा साठा आणि गोदामातली पोती यांचा मेळ बसेना. मुनीमजी आपली वही लिहीतच होते, आणि बँकेला साठ्याचे आकडे त्या वहीतूनच जात होते. खरेदीआधी त्यांना कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून कागद. तुरीची एक गाडी धरा आणि शेवटपर्यंत तिच्या मागे जा: काट्याची पावती, आडत्याची पट्टी (दलालाचं बिल), हमाली-तोलाई, मॉइश्चरची कपात, पोत्यांच्या कोणत्या थप्पीला लागली, मशीनला कधी गेली, काय काय निघालं, कोणत्या कट्ट्यातून विकलं. बारदान्याचा हिशोबही त्यातच. मग विक्रेत्याला मिलमध्ये बोलवा आणि त्याच गाडीवर डेमो मागा.

जीएसटीचा प्रश्न तिथेच विचारा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळीवर ५ टक्के कर लागू झाला. सुट्ट्या डाळीवर आणि ३० किलोच्या कट्ट्यावर नाही. डाळ तीच, पण बिल वेगळं. शिवाय दोन्हींच्या सामाईक खर्चावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, प्रमाणात सोडावं लागतं. हे सॉफ्टवेअर सांभाळणार, की तुमचा अकाउंटंट दर महिन्याला हाताने काढणार?

कोणतं घ्यावं हेही विचारलंत. आधी एक तपासा: टॅलीच्या मॅन्युफॅक्चरिंग जर्नलमध्ये, म्हणजे उत्पादनाच्या नोंदीत, बाय-प्रॉडक्ट आणि स्क्रॅप मांडता येतं. तुम्ही ते वापरताय का? नसाल, तर टॅलीवर भागत नाही हे अजून ठरलेलं नाही. वापरूनही तीन मिलींचा साठा एकत्र दिसत नसेल, तर पुढे जा. ईआरपीनेक्स्टसारख्या ओपन सोर्स सिस्टीमला परवान्याचे पैसे लागत नाहीत. पण ती बसवणारा, सर्व्हर आणि सीझनमध्ये फोन उचलणारा माणूस यांचे लागतातच. आणि घ्याल ते घ्या, सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो हे सही करण्याआधी स्वतः काढून बघा.

खातेवही १ एप्रिलला नव्या सिस्टीमवर न्या. साठ्याचा भाग मात्र पावसाळ्यात, आवक मंदावल्यावर सुरू करा. तेव्हा पोती मोजायला माणसं मोकळी असतात. डेमोला तुमच्या मुनीमजींना बसवा, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ती गाडी भरून दाखवल्यावरच आगाऊ रक्कम द्या. चालणार असेल तर त्या दिवशी मीही येतो.