डिस्कवाला कंपनी सोडून गेला? मग असं रडायचं

एक जानेवारीला सगळं सोलापूर उशिरापर्यंत झोपलेलं असतंय, तुम्ही मात्र पहाटे पाचला उठायचं. आपली पहाट म्हणजे अमेरिकेत ३१ डिसेंबरची संध्याकाळ, आणि डिस्क गोल्फवाल्यांचे डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांशी असलेले करार बहुतेक वर्षाच्या शेवटाला संपतात, त्यामुळं कोण कुणाला सोडून कुठं गेला हे कळायचा मुहूर्त हाच. अंगावर चादर, हातात मोबाईल, डोळे लाल. त्यात नळाला पाणी यायचा दिवस असेल तर सोन्याहून पिवळं, घरच्यांना वाटतंय पोरगं पाणी भरायला उठलंय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांनी एवढंच समजून घ्या की फ्रिसबीपेक्षा लहान, जड आणि कडेला निमुळती अशी प्लास्टिकची तबकडी, म्हणजे डिस्क, असते, ती लांबून फेकत फेकत साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटात टाकायची, असे साधारण १८ होल, कमी फेकींत जो संपवेल तो जिंकला. आपल्या गावात असलं बास्केट मी तरी बघितलेलं नाही. होम मैदानावर एका खांबाला बास्केट समजून फेकतो, नि जानेवारीत तिथं गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो तेव्हा तेही बंद. पण खेळायला न मिळणं हा काही दुःख न करायचा बहाणा होऊ शकत नाही.

तर आता रडायचं कसं. सगळ्यात आधी खेळाडूचा व्हिडिओ पूर्ण बघायचा, पळवायचा नाही. तो झाडाखाली बसलेला असतो, मोठा श्वास घेतो, मग बोलतो. त्यात फॅमिली हा शब्द किती वेळा आला ते वहीत लिहायचं. जुन्या कंपनीला फॅमिली म्हणून थँक्यू, नव्या कंपनीला फॅमिली म्हणून नमस्कार. आपल्याकडं फॅमिलीतनं वेगळं व्हायचं म्हणजे मधी भिंत पडते, दोन चुली होतात, बहिणी सह्या करेनात म्हणून सातबारा अडकतो, आणि तिकडं हा माणूस एका महिन्यात फॅमिली बदलतो आणि नवीन टी-शर्ट पण मापाचा असतो. सायमन लिझॉट, जर्मनीचा पोरगा, डिस्कमेनिया कंपनी म्हटली की त्याचाच चेहरा डोळ्यापुढं, तो २०२३ उजाडताना एमव्हीपी या दुसऱ्या कंपनीत गेला, वर्षभरानं ईगल मॅकमेहन पण डिस्कमेनिया सोडून तिथंच. एका पोरानं क्लास बदलला की त्याचा दोस्त पण आईच्या मागं लागतो तसं. तुम्ही मात्र सरळ जेवण सोडा. निदान दुपारपर्यंत.

मग भाषा सांभाळायची. आपल्या आवडत्या कंपनीतनं गेला तर तो गद्दार, आपल्या कंपनीत आला तर त्यानं करिअरचा विचार केला. हे सोलापूरकरांना शिकवायची गरज नाही खरं तर, आपण एकाच माणसाचा तोच हसरा फोटो एकाच चौकात तीन वेगवेगळ्या चिन्हांखाली बघितलेला आहे, तिसऱ्या वेळेस तर फ्लेक्सवाल्यानं फोटोतला गॉगलसुद्धा बदलला नव्हता.

पॉल मॅकबेथचं बघा. इनोव्हा कंपनीकडं असताना २०१२ ते २०१५ ओळीनं चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन, म्हणून त्यांच्या डिस्कवर त्याच्या नावासोबत ४ एक्स. मग २०१९ ला डिस्क्राफ्टमध्ये गेला नि त्याच वर्षी पाचवं जिंकलं, झालं, आता डिस्क्राफ्टच्या डिस्कवर ५ एक्स. २०२२ ला सहावं, ६ एक्स, आणि ते जिंकलं कुठं तर कॅन्ससमधल्या एम्पोरियात, म्हणजे डायनॅमिक डिस्क्स या तिसऱ्याच कंपनीच्या दारात. मधी २०२१ ला डिस्क्राफ्टनं त्याच्याशी दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला, त्यावेळच्या भावानं ७० कोटी रुपयांच्या वर. तबकडी फेकायचे. आमच्या गल्लीत हे सांगितलं तर लोक आधी माझ्याकडं नि मग घरातल्या ताटांकडं बघायलेत.

इथं जाणकार माणसानं एक बारीक गोष्ट करायची असते, ती चुकवू नका. डिस्कवर चार आकडे असतात, वेग किती, हवेत किती तरंगते, आधी कुठं वळते, शेवटाला कुठं वळून पडते. इनोव्हाची डिस्ट्रॉयर म्हणजे १२, ५, उणे १, ३. करारात असतंय की आमचीच डिस्क फेकायची, त्यामुळं मॅकबेथला अख्खी बॅग रिकामी करावी लागली, मग डिस्क्राफ्टनं त्याच्यासाठी झ्यूस काढली, तिचे आकडे १२, ५, उणे १, ३. तुम्ही दोन्ही विकत घ्यायच्या, कस्टम ड्युटीसकट, आणि कुणी विचारलं तर डोळे मिटून म्हणायचं, फील वेगळाय. मी पण घेतल्यात. फील वेगळाय.

रिकी वायसॉकीचे चाहते असाल तर तुमचे हाल कुत्रं खाणार नाही. प्रॉडिजी, लॅटिट्यूड ६४, इनोव्हा, डायनॅमिक डिस्क्स. प्रत्येक वेळेस नवी टोपी, नवी बॅग, आणि तुमच्याकडं कपाटात चार कंपन्यांचे टी-शर्ट, त्यातले तीन आता फरशी पुसायला. यात सुद्धा हिंमत हारायची नाही, जुना स्टॅम्प, म्हणजे जुना छापा, असलेली डिस्क जपून ठेवायची, शौकीन लोक असल्या मालाला जास्त पैसे मोजतात, म्हणजे ज्या दिवशी तुमचं काळीज तुटतं त्याच दिवशी तुमच्या डिस्कचा भाव वाढतो. रडता रडता फोटो काढून विकायला टाका. जाळू मात्र नका, लई वास सुटतो.

घाईनं शिव्या पण घालू नका, निदान खोडता येतील अशा पेन्सिलनं घाला. जेम्स कॉनराड इनोव्हा सोडून २०२१ ला एमव्हीपीत आला, त्याच वर्षी जूनमध्ये युटातल्या ऑग्डेनला वर्ल्डचा शेवटचा होल, मॅकबेथ एका फेकीनं पुढं, आणि या लांब केसाच्या माणसानं २४७ फुटांवरनं, म्हणजे साधारण ७५ मीटर, एक पटर, म्हणजे जवळनं बास्केटात टाकायची डिस्क, हवेत सोडली ती थेट साखळीत. मग प्लेऑफमध्ये मॅकबेथला हरवून चॅम्पियन. नव्या कंपनीचीच डिस्क होती ती, नाव एन्व्ही, आपल्या भाषेत मत्सर. जानेवारीत ज्यांनी गद्दार लिहिलं असेल त्यांनी जूनमध्ये काय केलं असेल, तुम्हीच सांगा. आणि गॅनन बरनं प्रॉडिजी सोडली तेव्हा तर मामला कोर्टात गेला, पोरगं डिस्कमेनियात पोचलं तरी कागद चालूच. असल्या वेळी तुम्ही वकील व्हायचं, अमेरिकेच्या कंत्राट कायद्यावर पार्क चौकात चहा पीत बोलायचं.

आता कुणी हुशार माणूस येऊन म्हणेल की या खेळाचा बाप एड हेड्रिक, तो स्वतःच व्हॅम-ओ ही फ्रिसबीची कंपनी सोडून बाहेर पडला होता, १९७० च्या दशकात, आणि मग बास्केटचं पेटंट काढून स्वतःचं दुकान थाटलं. त्याला गप्प बसवायचं. सांगायचं की तो २००२ ला गेला तेव्हा त्याच्या इच्छेनं त्याची राख डिस्कच्या प्लास्टिकात मिसळली, निष्ठा म्हणतात ती ही. बाकीच्या खेळाडूंनी यावर विचार करावा.

आणि निष्ठा खरंच शिकायची असली तर परदेशात कशाला जाता, आमच्या मामाकडं या. मामा एका चादरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं जॅकार्ड मागावर होता. शेजारच्या कारखान्यानं एकदा नगामागं जास्त देतो म्हणून बोलावलं, गेला नाही, मालक घरच्यासारखा आहे म्हणाला. व्हिडिओ काढला नाही, झाडाखाली बसला नाही, श्वास घेतला तो सुताची धूळ असलेलाच. कारखाना बंद पडला तेव्हा हिशोबाचं बघू म्हणाले आणि हातात एक चादर दिली, डबल बेडची, मोराची डिझाईन, आणि मामाचं म्हणणं असं की काठ बघून कळतंय, ती त्यानंच विणलेली. अशी निष्ठा मॅकबेथनं दाखवली असती तर आज त्याच्याकडं पण एक चांगली चादर असती.

गेल्या गड्ड्याला मामा मामी घरी आले होते. नंदीध्वजाच्या सात काठ्या, ज्याचा मान त्याचाच, पिढ्यानपिढ्या, हे बघून येऊन मी मोबाईलवर कुणीतरी कंपनी सोडल्याचं बघत तोंड पाडून बसलो होतो.

"काय झालं बे? कोण गेलं?"

मी म्हटलं, एक खेळाडू गेला मामा, दुसऱ्या कंपनीत.

"पगार वाढला का?"

वाढला की, कोटीत.

"मग तू का रडलालास?"

यावर काय बोलायचं हे मी वर एवढं लिहिलंय त्यात कुठंच नाही, त्यामुळं मी डिस्ट्रॉयर काढून मामाच्या हातात दिली, म्हटलं धरून बघा. मामानं उलटी केली, सुलटी केली, काठावरनं अंगठा फिरवला, चांगलं घडवलंय म्हणाला, आणि टेबलावर ठेवली. संध्याकाळी जेवायला बसलो तर ती शेंगाचटणीच्या वाडग्यावर होती. मामीनं झाकलेली. घट्ट बसतंय म्हणाली, वजन पण आहे, पंख्यानं उडत नाही, अजून एक असलं तर दे, दह्याला पाहिजे.

झ्यूस दिली. मामीनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नि म्हणाली, एकच हायत की दोन्ही.

मी सांगितलं, नाही मामी, फील वेगळाय.