साठीनंतर मेंदू शिकत नाही म्हणे!

परवा कॉलनीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड. साठीनंतर मेंदू नवीन काही घेत नाही, ज्येष्ठांचे क्लासबिस म्हणजे श्रीमंतांचे चोचले, त्यापेक्षा आराम करा, देवाचं नाव घ्या, नातवंडं सांभाळा. खाली हात जोडलेल्यांची ही रांग. मी सोडूनच देणार होतो, पण आईने वाचला आणि म्हणाली, "मग मंगळवारी नको जाऊ का रे क्लासला?" तिथे सटकली माझी.

तर पहिलं, "मेंदू घेत नाही". वेग कमी होतो, नावं पटकन आठवत नाहीत, कबूल. पण अमेरिकेत मेंदूवर संशोधन करणाऱ्या डेनिस पार्क बाईंच्या टीमने 60 ते 90 वयाच्या 221 लोकांना घेऊन एक प्रयोग केला, 2014 मध्ये छापून आलाय. कोणाला डिजिटल फोटोग्राफी, कोणाला गोधडी शिवणं, कोणाला दोन्ही, आठवड्याला साधारण 15 तास आणि असं 3 महिने. काहींना नुसतं जमवून गप्पा, सहली वगैरे. स्मरणशक्ती सुधारली ती नवीन शिकणाऱ्यांची, त्यातही कॅमेरा शिकणाऱ्यांची जास्त, गप्पावाल्यांची तशी नाही. म्हणजे नुसतं कट्ट्यावर बसून भागत नाही, डोक्याला जरा त्रास द्यावा लागतो.

आमच्या आईचं सांगतो. ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये मोबाइलचा क्लास, शिकवणारे काका स्वतः बँकेतून रिटायर. आईची बोटं भांडी घासून घासून इतकी कोरडी झालीत की स्क्रीन दादच देईना, ही बिचारी दाबतेय दाबतेय आणि भलतंच उघडतंय. काका म्हणाले बोटावर हाऽऽ करा. आता ती फोन घेतला की आधी बोटावर हाऽऽ करते, चष्म्याच्या काचेवर करतात तसं. वहीत लिहिलंय, 'बाण म्हणजे मागे. घाबरू नये.' आणि परवा बँकेचा ओटीपी मी मागितला तर देईना, काकांनी सांगितलंय मुलालाही नाही द्यायचा!

"श्रीमंतांचे चोचले" म्हणणाऱ्यांनी मुरबाडजवळच्या फांगणे गावातली आजीबाईंची शाळा बघावी, 2016 पासून चालूय, गुलाबी नऊवारी नेसून साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या पाटी घेऊन बसतात. त्यात कोण श्रीमंत आहे? आणि नाशिककरांनी तर हे बोलूच नये, 1989 पासून आपल्याकडे मुक्त विद्यापीठ आहे, त्याचं ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी', ते काय फक्त पोरांच्या घरी का?

"देवाचं नाव घ्या". घ्या की. पण भजनी मंडळातल्या ज्या बायका साठीनंतर अख्खे अभंग चालीसकट पाठ करतात ते कशाने करतात, गुडघ्याने? तो फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ते शिकणं वाटतच नाही, हीच तर गंमत आहे.

नातवंडांचं राहू द्या, आई त्यांना सांभाळतेच, क्लास आठवड्यातून दोन दिवस आहे.

आता एक गोष्ट त्या फॉरवर्डवाल्याच्या बाजूने. उलट्या टोकाचेही मेसेज फिरतात, अमुक गेम खेळा, विसरभोळेपणा कधी येणारच नाही. असली गॅरंटी कोणी देत असेल तर पैसे देऊ नका. लुमॉसिटी नावाच्या ब्रेन गेमवाल्यांना असल्याच जाहिरातींपायी 2016 मध्ये अमेरिकेत 20 लाख डॉलर भरावे लागले होते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, टाळता येण्यासारख्या 14 कारणांची यादी आहे, त्यात कमी शिक्षण आहे, एकटेपणा आहे, आणि ऐकू कमी येणंही आहे. म्हणून क्लास लावण्याआधी कान तपासून घ्या. आईच्या हॉलमधला पंखा एवढा घरघरतो की मागच्या दोन रांगांना काका काय बोलतायत ते कळतच नाही. क्लासबद्दल तक्रारच करायची असेल तर त्या पंख्याची करा.