'मशीन एकच, मग तुलना कसली?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली होती, पण तेव्हाच उत्तर दिलं असतं तर शब्द जरा वेगळे गेले असते, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. तुमचं म्हणणं असं, की टिसॉट सीस्टार १००० आणि सर्टिना डीएस अ‍ॅक्शन डायव्हर या मी लेखात तुलना केलेल्या दोन्ही डायव्हर (पाण्यात घालायच्या) घड्याळांत पॉवरमॅटिक ८० हेच मशीन आहे, मग तुलना कसली, आणि 'लेखकाने घड्याळं हातात तरी घेतलीत की स्पेक शीट बघून पाट्या टाकल्यात'. शिवाय ठोक्यांचा आकडा चुकला, सर्व्हिसिंगबद्दल अवाक्षर नाही आणि फोटो अंधारात.

आकडा चुकला, मान्य. हे मशीन तासाला २१,६०० ठोके देतं, मी सवयीने जुन्या ईटीए २८२४ या मशीनचा २८,८०० टाकला. दुरुस्त केलाय, आभार. पण साहेब, पाट्या टाकणारा माणूस स्पेक शीट समोर ठेवून लिहितो, त्याचा आकडा चुकत नाही. माझा चुकला कारण मी आठवणीतून लिहीत होतो.

आता 'हातात तरी घेतलीत का'. हे वाक्य मला लागलं, लपवत नाही. सहावीत असताना बाबांचं चावीचं घड्याळ उघडून बसलो होतो, एक स्क्रू सतरंजीत गेला तो आजतागायत सापडला नाही, त्या संध्याकाळी काय झालं ते लिहीत नाही. गेली अकरा वर्षं मनगटावर ऑटोमॅटिकच आहे, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं. एक डायव्हर तर मीच पाण्यात घालवलंय, क्राउन (बाजूची चावी) स्क्रू करायला विसरलो आणि दहा मिनिटांत काचेला आतून बाष्प. तेव्हा ३०० मीटर वॉटरप्रूफ म्हणजे काय आणि क्राउन उघडा राहिला की त्या ३०० ची किंमत किती, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

आणि ही दोन्ही घातलीत, आलटून पालटून चार महिने. सीस्टारच्या मागे काच, चावी भरणारा रोटर फिरताना दिसतो, बघायला छान. सर्टिनाचं मागचं झाकण बंद, त्यावर कासव कोरलेलं, आणि पट्टा घट्ट असला की संध्याकाळी तेच कासव मनगटावर पुसट उमटलेलं असतं. हे कुठल्या स्पेक शीटमध्ये असतं ते सांगा, मी लेख काढून टाकतो. डीएस म्हणजे डबल सिक्युरिटी, १९५९ पासूनची कल्पना, १९६० च्या स्विस धौलागिरी मोहिमेत ही घड्याळं होती. घड्याळ मार खाऊन टिकावं हा तिथला मूळ हट्ट, तो केसमध्ये जाणवतो. सीस्टार जास्त देखणं आहे, फुल शर्टाखाली मला तेच आवडतं. मशीन एक म्हणून घड्याळ एक असं म्हणायचं तर एकाच इंजिनच्या दोन गाड्यांपैकी कुठलीही डोळे मिटून घ्या की.

तसंही मशीन एकच आहे हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी ड्रॉवरमध्ये टाकलं की सोमवारी सकाळी दोन्ही चालूच असतात, २८२४ रविवारीच झोपलेलं असायचं, हेही. ते वाचायच्या आधीच टायपायला बसलात बहुतेक.

सर्व्हिसिंगचं म्हणाल तर हो, या मशीनला वेग कमी-जास्त करायचा नेहमीचा रेग्युलेटर नाही, कारखान्यातच सेट करून येतं, त्यामुळे कुठलाही घड्याळजी उघडून दोन मिनिटांत वेळ लावून देईल असं नाही. पण तो वेगळा विषय आहे, लेख सर्व्हिसिंगवर नव्हता. बाकीच्या मुद्द्यांत मला फारसं काही दिसलं नाही.

आणि फोटो अंधारात काढलेत कारण ल्यूम, म्हणजे काट्यांची अंधारातली चमक, दाखवायची होती. फोटोखालीच लिहिलंय.