वारा पडला की उपसा थांबतो

आज फॅलमथला वारा अजिबात नाही. नांगरावरची आमची शिडाची बोट ओहोटीबरोबर नुसती तोंड फिरवते. थंडी ओली आहे: हीटर लावला की केबिनच्या काचांवरून पाणी ओघळतं, बंद केला की पांघरुणं दमट लागतात. वारा नसल्यामुळे कॅरिक रोड्सच्या खाडीत कालवं (ऑयस्टर) काढणाऱ्या शिडाच्या होड्याही दिसत नाहीत.

इंग्लंडच्या या नैऋत्य टोकाला, फाल नदीच्या मुखाशी, कालवं काढताना इंजिन चालवायला मनाई आहे. शीड किंवा हाताची ताकद, एवढंच. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. वर आलेलं कालव 67 मिलिमीटरच्या कडीतून आरपार गेलं, तर ते पुन्हा पाण्यात सोडायचं. वारा पडला की उपसा आपोआप कमी होतो, आणि कुणी चोरून इंजिन लावलंच, तर अशा शांत दिवशी ते अख्ख्या खाडीला ऐकू जातं.

इकडे फोनवर सिंधुदुर्गातल्या नातेवाइकांचं पर्ससीन (माशांचा थवा घेरून उचलणारं मोठं जाळं) आणि एलईडी (रात्री दिव्यांच्या उजेडाने मासे गोळा करून पकडणं) मासेमारीवरून भांडण चालू आहे. एक बाजू म्हणते, कर्ज काढून नौका बांधल्या, खलाशांची घरं त्यावर चालतात, जग मागे न्यायचं का? दुसरी म्हणते, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जुन्या जाळ्याला, आता काही लागतच नाही. दोघांचीही पोटं समुद्रावर आहेत, म्हणून हा वाद मला मनापासून टोचतो. पण त्याला ‘जुनं विरुद्ध नवं’ म्हणणं मला पटत नाही. इथली शिडं कुणी हौसेने जपलेली नाहीत. किती उपसायचं यावरचा तो लगाम आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असं मुळीच नाही. राज्याचा सागरी मासेमारी कायदा 1981 चा. पर्ससीनवर 2016 मध्ये निर्बंध आले, एलईडीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झालं आणि 54 जातींच्या माशांना किमान आकार ठरला. 2025 पासून ड्रोनची गस्तही सुरू झाली. एलईडीचा उजेड तर किनाऱ्यावरच्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याने तो पाहून कळवल्यावर पुढे काय होतं, हा माझा प्रश्न आहे. तक्रार खात्याकडे जाते, गस्तीनौका पोचेपर्यंत दिवे विझलेले असतात.

फालचं सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. 1980 च्या दशकात बोनामिया नावाच्या परजीवीने इथली कालवं मोठ्या प्रमाणात मारली, आणि त्यापुढे शिडाचा नियम काही करू शकला नाही. शिवाय ही एका खाडीपुरती, लहान मासेमारी आहे. कोकणातल्या तांडेलाला खोल पाण्यात जावं लागतं, त्याने इंजिन उतरवून ठेवावं असं सांगायचा मला अधिकार नाही.

मागणी एवढीच आहे की पाळत मच्छीमार सोसायट्यांच्या हाती कायद्याने द्या. त्यांनी वेळ आणि ठिकाणासह काढलेला फोटो पुरावा धरा. एलईडी लावणाऱ्या नौकेचा परवाना त्या हंगामापुरता रद्द करा, आणि कोणाचा रद्द झाला ते मालवणच्या जेट्टीवर फलक लावून सांगा.